आत्या, डिप्लोमा आणि शेवटची सही

माझी आत्या दात बनवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग नकळत स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवतात. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात, दातावर बसवायच्या कॅपचा रंग ठरवून त्याचा नंबर कार्डावर लिहितात, आणि ते सगळं आत्याच्या लॅबमध्ये येतं. तिथे आधी प्लास्टरचा जबडा ओततात. मग त्यावर पोर्सिलेनचा एकेक थर चढवायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा चढवायचा. दात पांढरा असतो, हा आपला समज. आत्याकडे नमुन्याच्या दातांची एक पट्टी आहे आणि तिच्यात सोळा पांढरे आहेत. कुठला पिवळट, कुठला राखाडी, कुठला किंचित तांबूस. तयार झालेली कॅप त्या पट्टीतल्या दाताशेजारी धरायची आणि खिडकीच्या उजेडात बघायची. जुळली तर बाहेर जाणार, नाही तर परत भट्टीत.

ही खिडकी उत्तरेची. तिच्यातून ऊन कधीच आत येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड असतो. तिच्यापाशी लॅबमधली सगळ्यात चांगली खुर्ची आणि त्या खुर्चीवर एकोणीस वर्षं आमची आत्या. ती आली तेव्हा तिला साचे धुवायला ठेवलं होतं. तिच्याकडे कुठलं प्रमाणपत्र नव्हतं. बघून बघून शिकली, हात भाजून घेतले, आणि हळूहळू असं झालं की ‘ताईंनी बघितलंय ना?’ असं विचारल्याशिवाय लॅबमधून एक दाढ बाहेर जाईना.

मग डिप्लोमा आली.

तिला हे नाव आत्यानेच ठेवलं. मुलगी सव्वीसची, दोन वर्षांचा कोर्स करून आलेली. येताना स्वतःची हत्यारं कापडी गुंडाळीत घेऊन आली. तिला जागा मिळाली आतल्या कोपऱ्यात, डोक्यावर पांढऱ्या दिव्याची लांब नळी, समोर कोरी भिंत. आठवड्याभरात लॅबचे मालक, म्हणजे सर, तिच्या टेबलापाशी थांबले. तिने केलेली एक दाढ हातात घेतली, वरच्या खाचा बघितल्या, आणि खिशातून मोबाइल काढून फोटो काढला.

“एकोणीस वर्षांत माझ्या एका दाताचा फोटो काढला नाही त्यांनी,” आत्या घरी येऊन म्हणाली.

“तेव्हा मोबाइलला कॅमेरा नव्हता,” आतोबा म्हणाले.

“दहा वर्षांपासून आहे.”

आतोबांनी मग एक मोजणी सुरू केली. जेवताना आत्या डिप्लोमाचा विषय किती वेळा काढते, ते ते बोटांवर मोजायचे आणि हात धुताना जाहीर करायचे. “आज अकरा. कालच्यापेक्षा दोन कमी. सुधारणा आहे.”

आत्याला तिचं सगळंच खुपायचं. तिचं काम करताना गुणगुणणं. डॉक्टरांचा फोन आला की “हो डॉक्टर, बघते आणि दहा मिनिटांत सांगते” म्हणणं आणि खरंच दहा मिनिटांत फोन करणं. चुकलं तर “माझी चूक” असं सरळ म्हणून मोकळं होणं. आत्याला वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या दाढेवरच्या खाचा खरोखर सुंदर होत्या. वाईट असत्या तर नाक मुरडून सुटली असती. एकदा डिप्लोमा बाहेर गेलेली असताना आत्याने ती दाढ उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि होती तशी ठेवली. “अशी जळले ना मी,” तिने मला नंतर सांगितलं, “कोणाला सांगायची सोय नाही.”

अशात लॅबमध्ये काम परत येऊ लागलं. दोन महिन्यांत सात कॅप परत आल्या. तक्रार एकच: तोंडात बसवल्यावर रंग वेगळा दिसतो. सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, “पुढच्या महिन्यापासून प्रत्येक कामावर शेवटची सही एकाच माणसाची. त्या सहीशिवाय काही बाहेर जाणार नाही. कोणाची, ते मी महिनाअखेर ठरवतो.”

सही कोणाची, हा प्रश्न पडू शकतो, हेच आत्याला तोंडात मारल्यासारखं झालं. तिची नजर तर आधीपासूनच शेवटची होती.

लॅबमध्ये प्लास्टर ओतणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे रेडिओ म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडतं. त्यांचं टेबल दारातच असल्याने आतलं बाहेर आणि बाहेरचं आत त्यांच्यावरूनच जातं. ते चहा घेऊन आत्याच्या टेबलाशी आले.

“ताई, ही सात कामं कोणाची असतील हो?”

आत्याने मान वर केली नाही. “आजवर कधी परत येत नव्हती. आता यायला लागली. मध्ये काय बदललं, ते तुम्हीच बघा.”

एवढंच. एकाही माणसाचं नाव घेतलं नाही. पण रेडिओंना नाव लागतच नाही. दुसऱ्या दिवशी पॉलिशवाल्यांना कळलं की नव्या मुलीने सात कामं बिघडवली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यांत कामं पोचवणाऱ्या माणसाला कळलं की सर तिला काढणार आहेत. चौथ्या दिवशी एका दवाखान्यातून फोन आला, तो आत्यानेच उचलला. “आमचं काम त्या नवीन बाईंकडे देऊ नका हं. ऐकलंय आम्ही.”

“खरं सांगू?” आत्या मला म्हणाली. “पहिल्यांदा बरं वाटलं. अगदी थंडगार पाणी प्यायल्यासारखं. मग फोन ठेवला आणि लक्षात आलं, माझं वाक्य पार दवाखान्यापर्यंत पोचलंय.”

हे डिप्लोमाच्या कानावर गेलं नसेल, असं शक्यच नव्हतं. आत्या वाट बघत होती की आता ही रडेल, नाही तर भांडेल, नाही तर सरांकडे जाईल. तिन्हींची उत्तरं आत्याने तयार ठेवली होती. डिप्लोमाने तिन्हींतलं काही केलं नाही. दोन दिवस नेहमीसारखं काम केलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आत्यापाशी येऊन म्हणाली, “ताई, पाच मिनिटं पॉलिशच्या खोलीत येता?”

पॉलिशच्या खोलीत मशीन सुरू असलं की बाहेरच्याला काही ऐकू येत नाही. तिने मशीन सुरू केलं. त्यावर काही धरलं नाही, नुसतं फिरू दिलं.

“माझ्याबद्दल लॅबमध्ये बोललं जातंय. सुरुवात तुमच्या वाक्यापासून झाली, असं मला कळलं. मी दुसऱ्याचं ऐकून धरून चालत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही म्हणालात का?”

“मी कोणाचं नाव घेतलं नाही.”

“नाव नाही. पण म्हणालात?”

“म्हणाले.”

“बरं.” तिने एप्रनच्या खिशातून सात कार्डं काढली. प्रत्येक कामाच्या कार्डावर, रंग ज्याने जुळवला त्याची आद्याक्षरं असतात. ही लॅबची जुनी पद्धत. पण परत आलेली कार्डं डब्यात पडून राहतात, उलटून कोणी बघत नाही. आत्यानेही बघितली नव्हती, कारण तिला बघायची गरजच वाटली नव्हती. दोन कार्डं डिप्लोमाची होती. पाच आत्याची.

“हे तू कधी पाहिलंस?”

“तीन आठवडे झाले.”

“आणि कोणाला बोलली नाहीस?”

“तुमच्याआधी दुसऱ्याला सांगणं बरं दिसलं नसतं. आणि कारण माहीत नव्हतं. माझी दोन्ही कामंसुद्धा मी तुमच्या खिडकीतच जुळवली होती, तुम्ही सुट्टीवर होतात तेव्हा. कोपऱ्यात दिव्याखाली जुळवलेलं एकही परत आलेलं नाही.”

आत्याच्या डोक्यात तिथेच काहीतरी चमकलं. तिने भट्टीतून नुकतीच निघालेली कॅप घेतली, रंगांची पट्टी घेतली आणि खिडकीपाशी गेली. जुळत होतं, अगदी तंतोतंत. मग तशीच जिना उतरून रस्त्यावर गेली. डिप्लोमा मागोमाग. दोघी फाटकाबाहेर मोकळ्या उजेडात उभ्या राहिल्या, एकीच्या हातात दात, दुसरीच्या हातात सोळा दातांची पट्टी. पहारेकरी उठून उभा राहिला. बाहेर ती कॅप सरळ राखाडी दिसत होती.

आत्याने मान वर करून पाहिलं. समोरच्या इमारतीचं काम वर्षभर सुरू होतं, तिच्यावर जाळी होती. ती दोन महिन्यांपूर्वी निघाली आणि खालून नवा रंग दिसला, पिकलेल्या पपईसारखा. त्या भिंतीवर दिवसभर ऊन पडतं आणि तो सगळा पपईचा उजेड समोरच्या उत्तरेच्या खिडकीत शिरतो. उबदार उजेडात दोन रंग एकमेकांशी जुळतात, साध्या उजेडात तेच फटकून वागतात. हे डिप्लोमाला पुस्तकातून माहीत होतं. आत्याला अनुभवाने माहीत होतं. संध्याकाळी रंग जुळवायचा नाही, हा नियम तिनेच सगळ्यांना घालून दिला होता. पण सकाळी अकरा वाजता आपलीच खिडकी आपल्याला फसवेल, हे तिच्या मनातही आलं नाही. आणि ती खुर्ची दुसऱ्या कोणाला देत नव्हती, त्यामुळे ती दोन कामं सोडली तर चूकही दुसऱ्या कोणाला मिळाली नाही.

“सरांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा,” जिना चढताना डिप्लोमा म्हणाली. “कार्डं मी आपणहून दाखवणार नाही. विचारलं तर लपवणारही नाही. माझं एकच म्हणणं आहे. माझ्या नावाने जे फिरतंय, ते थांबायला हवं. मी थांबवायला गेले तर भांडण होईल. तुम्ही म्हणालात तर थांबेल.”

आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. आत्याच्या अंगाची लाही लाही झाली. “कामात पुढे,” ती घरी म्हणाली, “आणि वर चांगुलपणातही पुढे. माणसाने पकडायचं तरी कुठे हिला?”

“सरांना काय सांगणार?” आतोबांनी विचारलं.

“भिंतीचा दोष आहे, असं. खरंच आहे ते. तिची दोन, माझी पाच, सगळी त्या भिंतीमुळे. पडदा लावू, कोपऱ्यातल्यासारखा दिवा बसवू, विषय मिटला.”

“आणि सही?”

“मग सही माझी. भिंत ओळखली कोणी? मीच ना.”

आतोबांनी ताटातला शेवटचा घास संपवला. “दात बिघडवले भिंतीने, हे पटलं. अफवा पण भिंतीनेच पसरवली का?”

त्या दिवशी मोजणी जाहीर झाली नाही.

महिनाअखेरच्या शुक्रवारी अकराच्या चहाला सगळे एकत्र होते. सरांनी परत आलेल्या कामांचा विषय काढला. आत्या उभी राहिली. ती कधी उभी राहून बोलत नाही, त्यामुळे कपबशांचा आवाजही थांबला. तिने आधी भिंतीचं सांगितलं. कॅप आणि पट्टी दाखवली. मग म्हणाली, “सातातली पाच माझी आहेत. आणि हिच्यामुळे कामं परत येतात, असं लॅबमध्ये फिरतंय ना, ते माझ्यापासून सुरू झालं. मी कार्डं न बघता बोलले. दवाखान्यात मी आजच फोन करते.”

रेडिओ बशीतला चहा फुंकत राहिले. चहा केव्हाच निवला होता.

आत्याने खरंच फोन केला, सगळ्यांसमोर, बाहेरच्या टेबलावरून. “त्या बाईंचं काम चांगलं आहे. तुम्हाला चुकीचं कळलं होतं, ते माझ्यामुळे.” पलीकडून विचारलं, आपण कोण? आत्याने सांगितलं. तेवढ्यात तिचा आवाज जरा चिरकला, असं पॉलिशवाले म्हणतात. आत्या ते मान्य करत नाही.

सही डिप्लोमाला मिळाली.

आत्याला आतून कुठेतरी वाटत होतं की इतकं खरं बोलल्यावर सर म्हणतील, ताई, सही तुमचीच. सर तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “ताई, तुम्ही सांगितलंत हे फार बरं झालं,” आणि सहीचं रजिस्टर कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं. पुढचे चार दिवस आत्या प्रत्येक दात त्या टेबलावर नेऊन ठेवायची आणि डिप्लोमा बघत असताना बाजूला उभी राहायची. एकोणीस वर्षं लोक तिच्या बाजूला असे उभे राहत आले होते. पाचव्या दिवशी एक दात परत मिळाला. “ताई, कडेला थोडा निळसर वाटतोय का? तुम्ही एकदा बघता?” निळसर होता. आत्याने तो मुकाट भट्टीत टाकला.

रेडिओ आठवडाभर आत्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांचा धीर संपला. चहा घेऊन आले, इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकले.

“ताई, ऐकलंत का? तुमच्या डिप्लोमाला दुसऱ्या लॅबमधून बोलावणं आलंय म्हणे. आणि सरांना पत्ताच नाही.”

आत्याने हातातला चिमटा खाली ठेवला. ती जाणार? खरंच? कधी? कोणी सांगितलं? सगळे प्रश्न ओठांपर्यंत आले होते.

“तिलाच विचारा की,” आत्या मोठ्याने म्हणाली, कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “ती काय तिथे बसलीय.”

डिप्लोमाने वर पाहिलं. “काय विचारायचंय, काका?”

“काही नाही, काही नाही,” म्हणत रेडिओ कप उचलून सटकले. त्यांना उत्तर मिळालं नाही, त्यामुळे आत्यालाही मिळालं नाही.

“मग? जातेय का ती?” मी फोनवर विचारलं.

“मला काय माहीत!” आत्या वैतागून म्हणाली. “दिवसभर डोक्यात दुसरं काही नव्हतं गं. एक कॅप दोनदा भाजली मी. अन् विचारू कोणाला?”