न ऐकलेली भैरवी

खालच्या मजल्यावरचे काका एका सकाळी आमच्या दारात येऊन उभे राहिले. एका हातात काठी, दुसरा हात चौकटीला, श्वास लागलेला. लिफ्ट बंद होती, म्हणजे काम तसंच महत्त्वाचं असणार. मी पाणी आणायला वळले तर म्हणाले, “पाणी राहू दे ग. तुझ्याकडे हिच्या गाण्याची डिस्क आहे ना अजून?”

“आहे की!” मी म्हणाले. खोटं बोलायला मला विचार करावा लागत नाही, हा माझा जुना गुण.

डिस्क घरात आहे की नाही, हे मला खरं तर ठाऊकच नव्हतं. ती मी कधी पाहिली नव्हती, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. आणि गेली पंधरा वर्षं मी काकूंना सांगत आले होते की ती मी पाहिली आहे आणि त्यातली भैरवी मला फार आवडते.

काकू बँकेतून निवृत्त झाल्यावर गाणं शिकायला लागल्या. साठीला टेकलेली बाई रोज सकाळी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून ‘सा’ धरून बसते म्हटल्यावर आमच्या बडोद्यातल्या अकोट्याच्या सोसायटीत हसणारे हसले. मीही हसले, जिन्यात उभी राहून, चांगली पोटभर. चार वर्षांनी काकूंनी सोसायटीच्या हॉलमध्ये पहिली बैठक ठरवली आणि स्वतः दारोदार जाऊन सगळ्यांना बोलावलं. मी म्हटलं, येते म्हणजे येतेच.

त्या दिवशी मी घरीच होते. डोकं दुखत नव्हतं, पाहुणे नव्हते, वह्या तपासायच्या नव्हत्या. मला कंटाळा आला, बस. खालून दिसू नये म्हणून दिवा न लावता, आवाज बारीक करून टीव्हीसमोर बसले. दुसऱ्या दिवशी सांगितलं की नडियादला नणंदेकडे अचानक जावं लागलं. नणंदेला त्यासाठी मी ताप आणला.

काका रिफायनरीत यंत्रांमध्ये जन्म काढलेला माणूस. तेव्हा त्यांनी नवाकोरा डीव्हीडी रेकॉर्डर घेतला होता. टीव्हीवरचं हवं ते त्यात भरून ठेवायचं, कॅमेरा जोडला तर त्यातलंही उतरवायचं आणि मग वाटेल तितक्या डिस्क काढायच्या. बैठकीला ते कॅमेरा घेऊनच बसले. नंतर आठवडाभर खपून त्यांनी वीस डिस्क काढल्या, प्रत्येकीवर मार्करने ‘पहिली बैठक’ असं लिहिलं, सेलोफेनच्या पाकिटात घातल्या आणि पेढ्यांच्या पुड्याबरोबर घरोघरी वाटल्या. आमच्याकडचे पेढे त्याच दुपारी संपले. डिस्क टीव्हीखालच्या खणात गेली.

महिन्याभराने काकू मला खंडेराव मार्केटात भाजी घेताना भेटल्या. मेथीची जुडी झटकत, दुसरीकडेच बघत त्यांनी विचारलं, “पाहिलीस का ग डिस्क?”

“पाहिली तर! काकू, भैरवी काय रंगली हो! माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.”

भैरवी म्हणायला अक्कल लागत नाही. बैठकीचा शेवट भैरवीने होतो, हे बडोद्यातल्या मराठी घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सुरुवातीला काय गायल्या हे विचारलं असतं तर माझी गाळण उडाली असती, पण भैरवी हुकणार नव्हती. काकू जुडी हातात धरून क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या आणि म्हणाल्या, “हो का? बरं वाटलं हो ऐकून.”

आता हेही सांगून टाकते की मी तेव्हा शाळेत हिंदी शिकवत होते. पुस्तक न वाचता त्यावर छान छान लिहून आणणारी मुलं मी चुटकीसरशी पकडायचे. शेवटच्या बाकावरच्या एखाद्याला उभं करून विचारायचे, “बरं, शेवटी काय होतं ते सांग.” त्याचे कान लाल होत जायचे आणि वर्ग खिदळायचा. मला त्यात मजा यायची, हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

त्यानंतर ती भैरवी माझ्या तोंडाला चिकटूनच बसली. दिवाळीचा फराळ द्यायला गेले की भैरवी, जिन्यात गाठ पडली की भैरवी. दरम्यान सगळ्यांच्या घरची डिस्कची यंत्रं गेली आणि स्ट्रीमिंग आलं. त्याने तर माझी सोयच झाली. कुणी एखादी मालिका सुचवली की मी ‘पाहिली, मस्त आहे’ म्हणते. आमच्या टीव्हीवर अर्धवट सोडलेल्यांची रांग लागलेली असते. नातेवाइकांनी पाठवलेल्या व्हिडिओखाली तर तो उघडायच्या आधीच माझा अंगठा पोचतो. कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. आता उरली आहे ती कुजबुज, तीही जवळ बसलं तरच ऐकू येते. भेटायला गेले तेव्हा मी त्यांचा हात धरून म्हणाले, “काकू, तुमची भैरवी आहे की आमच्याकडे.” माणसाने किती खाली जावं!

तर त्या सकाळी काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, “हिला एकदा स्वतःचा आवाज ऐकायचाय. रेकॉर्डर कधीच बिघडला, पस्तीवाल्याला भंगारात देऊन टाकला. त्याच्या आतलं मी आधीच पुसलं होतं, मॅच भरायला जागा पाहिजे म्हणून. म्हटलं, वीस घरांत आहे, मग कशाला ठेवायचं? आमची डिस्क लावून लावून घासली, आता कशावरच चालत नाही. बाकीच्यांना विचारलं. कुणी टाकली, कुणाची घर बदलताना गेली. तिसऱ्या मजल्यावर एकीने कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगलीय, उन्हात वर्षभर. अलकापुरीत एक माणूस जुन्या डिस्कमधून काढून देतो म्हणतात, पण डिस्क जरा बरी पाहिजे. म्हटलं, तू तर एवढी आवडीने बघतेस.”

“तुम्ही शांतीने बसा,” मी म्हणाले आणि आत गेले.

डिस्क खणात, मेलेल्या यंत्रांच्या रिमोटांखाली सापडली. सेलोफेन तसंच, चिकटपट्टीसुद्धा सुटलेली नाही. फाडून बाहेर काढली तर आरशासारखी लख्ख. बोटाचा एक ठसा नाही. भैरवी ऐकून रडणाऱ्या बाईची डिस्क अशी असते होय? काका बघताक्षणी ओळखतील अशी भीती वाटली. मग मी जे केलं ते मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. डिस्कला चार बोटं लावली आणि तिची कड माझ्या कुर्त्याच्या जरीच्या काठावर घासली. एकदा, दोनदा. दोन बारीक ओरखडे उठले. हां, आता वापरलेली दिसते, असं मनात म्हणून मी ती बाहेर नेली.

काकांना एकट्याने कसं पाठवायचं, म्हणून मीच त्यांना स्कूटरवर बसवून अलकापुरीला घेऊन गेले. दुकानदार माझ्याच वयाचा होता. त्याने डिस्क दिव्याखाली तिरकी धरली.

“आ तो साव नवी छे, बेन,” तो म्हणाला. “कोई वार वगाडी ज नथी लागती. फक्त किनारी पर बे लिसोटा छे. ए पण ताजा.”

डिस्क कोरी, कधी वाजवलेलीच नाही, कडेला फक्त दोन ओरखडे, तेही ताजे; मी भिंतीवरच्या वायरी बघत उभी राहिले. त्याने डिस्क संगणकात घातली, बराच वेळ काहीतरी केलं आणि काकांना समजावून सांगितलं. ही डिस्क भरून झाल्यावर बंदच केलेली नाही. रेकॉर्डर शेवटी विचारतो, बंद करू का? ‘हो’ म्हटलं नाही तर ती फक्त त्याच रेकॉर्डरवर चालते, दुसऱ्या कुठल्याही यंत्रात चालत नाही. इथे संगणकावर बहुतेक सगळं निघेल, शेवटचा भाग कडेपाशी असतो तेवढा बघावा लागेल, पण काळजी नको.

“विचारायचा खरा,” काका सावकाश म्हणाले. “खाली लिहून यायचं, यानंतर काही भरता येणार नाही. मला वाटलं, कशाला दार लावून घ्या? मी दरवेळी ‘नाही’ दाबलं.” मग दुकानदाराला म्हणाले, “म्हणजे कुणाच्याच घरी चालली नाही?”

“कोईने त्यां नहीं चाली होय, दादा.”

“वीस घरं,” काका म्हणाले. “सगळे म्हणाले, छान झालंय.”

ते माझ्याकडे बघत नव्हते. दुकानाच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते. वीसपैकी एका घराने ती डिस्क लावून बघून ‘काका, चालत नाही हो’ एवढं खाली येऊन सांगितलं असतं, तर त्यांनी एका दुपारीत सगळ्या डिस्क बंद करून दिल्या असत्या. ते घर माझं असू शकलं असतं. परतीच्या वाटेवर घर येईपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा हॉर्न वाजवला.

दोन दिवसांनी पेन ड्राइव्ह मिळाला. मला जायचं नव्हतं, पण काका जिन्यातून हाक मारत राहिले. काकू खुर्चीत बसल्या होत्या, चांगली साडी नेसून. मी खाली जाजमावर बसले. काकांनी टीव्ही लावला.

पडद्यावर काळ्या केसांच्या काकू आल्या, निळी साडी, हातात घट्ट धरलेला रुमाल. गाऊ लागल्या. फार मोठ्या गायिका नव्हत्या त्या, पण आवाज स्वच्छ होता, थोडा घाबरलेला, आणि एखादी जागा मनासारखी आली की त्या स्वतःच हळूच हसत. मला ते हसणं ठाऊकच नव्हतं. मध्येच कॅमेरा वळला आणि हॉल दिसला. सतरंज्या भरपूर, खुर्च्यांच्या दोन रांगा. माणसं अकरा. मी मोजली. त्याच वेळी दोन मजले वर, अंधारात मी टीव्ही बघत बसले होते.

खुर्चीतल्या काकू ओठ हलवत होत्या. आवाज येत नव्हता.

शेवटी पडद्यावरच्या काकू म्हणाल्या, “आता भैरवी.” पेटीने सूर धरला. त्यांनी पहिली ओळ घेतली, वर चढल्या, आणि पडदा काळा झाला.

मला माझे दोन ओरखडे आठवले. कड. डिस्क शेवटाला कडेपाशी पोचते, दुकानदार म्हणाला होता.

“मी केलं ते,” मी म्हणाले. “काकू, मी घासली ती डिस्क. ते ओरखडे माझे आहेत. मी कधी उघडलीच नव्हती, कधीच पाहिली नव्हती, आणि काकांना कळू नये म्हणून मी ती मुद्दाम घासली. तुमची भैरवी माझ्यामुळे गेली.” एवढं बोलेपर्यंत मला रडू फुटलं. बैठकीला मी नडियादला नव्हतेच, हेही त्याच रडण्यात सांगून टाकलं.

काकूंनी हाताने जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“तुझा ओरखडा नाही तो,” त्या कुजबुजल्या. “तिथे मीच थांबले. आवाज फाटला, मला रडू आलं. ह्यांनी कॅमेरा बंद केला. भैरवी झालीच नाही.”

मला मार्केटातली मेथीची जुडी आठवली. “म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं?”

काकूंनी मान हलवली.

“मग बोलला का नाहीत? राग नाही आला?”

“आला तर. मला वाटलं, चिडवतेस.” त्यांना दम लागला, थांबल्या. “मग कळलं, तुला ठाऊकच नाही. दर दिवाळीला सांगायचीस. नंतर नंतर वाट बघायचे मी. म्हटलं, एका तरी घरी पुरी झाली.”

मला त्यांनी दोन शब्द सुनावायला हवे होते. ते सोसलं असतं. हे मला सोसेना.

काका रिमोट हातात घेऊन उभे होते. त्यांनी बायकोकडे बघितलं, तिने बोट वर केलं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी मी खाली मान घातली नाही. मधलं सगळं ऐकलं, अकरा माणसं पुन्हा पाहिली. पेटीने सूर धरला, ती एक ओळ वर चढली आणि पडदा काळा झाला. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“आता सांग,” त्या कुजबुजल्या, “कशी झाली भैरवी?”

शेवटच्या बाकावरच्या त्या पोरासारखे माझे कान तापून लाल झाले होते.