बैलाच्या जागी

मी त्या माणसाच्या पाया पडलो. कुणी सांगितलं नव्हतं. धारूरच्या किल्ल्यात, भरदुपारी, माईक लावलेल्या मंडपात, शे-दोनशे लोकांसमोर वाकलो आणि त्याच्या बुटाला कपाळ लावलं. डोकं नको म्हणत होतं. पण माझी कंबर कधी डोक्याला विचारून वाकत नाही.

तो खुर्चीत बसलेला. ऐंशीला टेकलेला, अंगावर कडक पांढरे कपडे. आता त्याचा मुलगा पुढारी आहे, पण तालुक्यात मालक म्हटलं की अजून हाच. त्यानं डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं आणि ओळख पटली तसा हसला.

"अरे, हा तर आपला बैल."

मंडप हसला. मीही हसलो. माझ्यामागं बायको उभी होती, गिरजा. ती हसली नाही.

बैल म्हणजे काय ते सांगतो.

चाळीस वर्षांमागं या किल्ल्याच्या तटाची डागडुजी निघाली होती. ठेका मालकाचा. आम्ही वडार, आष्टीकडचे. दगड फोडणं, चुना मळणं आमच्याकडं. राहायलाही इथंच, बुरुजाच्या पोटात, दाराला गोणपाट लावून. चुना घाणीत मळायचा. घाणी म्हणजे जमिनीत गोल दगडी चर. मध्ये खुंट, खुंटाला लांब दांडा, दांड्यात दगडी चाक, टोकाला जू. बैल दिवसभर गोल फिरतो, चाक चरातला चुना रगडतं. बैलाच्या गळ्यात घंटा. ती शोभेची नव्हती. मालक लांब, चिंचेच्या सावलीत बसायचा. घंटा थांबली की त्याला कळायचं, काम थांबलं.

बैल माझ्या ताब्यात होता. माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते आणि नव्या बायकोपुढं मला मोठेपणा मिरवायचा होता. म्हणालो, बघ, कासरा न धरता नुसत्या शिट्टीवर बैल पाण्याला नेतो. किल्ल्यातल्या तळ्याचा काठ तुटका, दगड शेवाळलेले. मी पुढं शिट्टी वाजवत चाललेलो, नजर सगळी गिरजाकडं. बैल घसरला. वीस हात खाली दगडावर पडला, मान मोडली. मी वरून आणखी एकदा शिट्टी वाजवली. उठेल म्हणून. इतका मी शहाणा.

मालक जीपमधून आला. आधी चाबूक चालला. पाठीवर, तोंडावर, हात आडवे केले तर हातांवर. मी पडलो की त्याचा मुकादम केसाला धरून उभा करायचा. मग मालक दमला. घाम पुसत म्हणाला, "बैल खाल्लास न्हवं? मग आता बैल हो बे."

मेलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटा सोडून आणली. ती माझ्या गळ्यात बांधली. जू मानेवर.

सांगायला लाज वाटते, पण मला ते बरोबरच वाटलं. बैल मारला, आता बैलाचं काम कर. मी ओढायला लागलो. तीन दिवस ओढलं. घंटा थांबली की चाबूक. चाकाखालून उडालेला चुना पायाच्या भेगांत शिरायचा आणि मांस खायचा. चरात चुना आणि पाणी टाकायचं काम गिरजाचं. नवऱ्याचे पाय जाळायचा माल तीच पाटीतून आणायची. टाकताना माझ्याकडं बघायची नाही.

चौथ्या दिवशी मालकाकडं पाहुणे आले. त्याला पाहुण्यांना मजा दाखवायची होती. त्यानं गिरजाच्या हातात कडब्याची पेंढी दिली.

"बैलाला वैरण घाल गं."

ती पेंढी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पाहुणे हसायला लागले. आणि मी काय करावं? हंबरलो. वाटलं, लोक खूश झाले तर सोडतील. चांगला गळा ताणून, लांबलचक हंबरलो.

गिरजानं पेंढी टाकली आणि फाडकन माझ्या तोंडात मारली. सगळ्यांसमोर. तीन दिवसांच्या चाबकानं जे दुखलं नव्हतं ते दुखलं.

"माणूस हाव का न्हाई तुमी?"

एवढंच बोलली. मी जू फेकलं. गळ्यातली घंटा तोडली आणि मालकाच्या टाळक्याचा नेम धरून भिरकावली. नेम चुकला. घंटा मुकादमाच्या गुडघ्यावर बसली. मालकाच्या टोपीचीही घडी मोडली नाही. मग पाच-सहा जणांनी मला दगड फोडावा तसा फोडला. दोन बरगड्या गेल्या. डाव्या कानातून रक्त आलं, तो कान तेव्हापासून बंद. गिरजा मध्ये पडली तर मुकादमानं तिचा हात पिरगाळला. हाडाचा आवाज मी उजव्या कानानं ऐकला. त्याच दुपारी आम्ही किल्ला उतरलो. तिनं मोडका हात पदरात बांधलेला आणि मी तिच्याच खांद्यावर.

पुढं आष्टीत चहाच्या हॉटेलात हा किस्सा मी किती वेळा सांगितला असेल. शिट्टी वाजवून, हंबरून. ऐकणाऱ्यांना ठसका लागायचा. हंबरायची फर्माईश व्हायची. थपडेचं मी कधी सांगितलं नाही. तिच्या हाताचंही नाही.

आणि आता हा मंडप. जुन्या कारागिरांचा सत्कार आहे, असा निरोप आला म्हणून इस्त्रीचा सदरा घालून आलो होतो. घाणी उकरून साफ केलेली. नवा दांडा, नवं जू, दोन्हींना रंग. शेजारी पाटी : मालकांच्या पुढाकारानं किल्ला राखला गेला.

मालक म्हणाला, "दाखव की लेका जरा वडून. लोकं शूटिंग करत्यात."

दहा-पंधरा मोबाईल वर झाले. आणि मी गेलो. जू उचललं. मान खाली घातलीसुद्धा. मानेला जुनी जागा बरोबर सापडते.

गिरजानं तो वाकडा जुळलेला हात पदराखाली घेतला. तेवढं मला दिसलं.

मी खीळ उपटली. जू दांड्यातून सोडवलं आणि घेऊन मालकासमोर आलो. दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. त्याचं टाळकं हातभर अंतरावर. दगड फोडण्यात माझा जन्म गेला. कुठं मारलं की दोन तुकडे होतात ते मला डोळे मिटूनही कळतं. मारावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाटलं.

"कावून चिडतो बे," मालक खुर्चीत मागं सरकत म्हणाला. "गंमत व्हती ती."

मी जू खाली घेतलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"गंमत हाय तर तुमी वडा, मालक. मी सावलीत बसतो."

माईक जवळच होता. त्यात म्हणालो, "बैल मेला म्हणून मला हितं जुंपलतं. गळ्यात घंटा बांधून. बायकोचा हात मोडला. ह्या पाटीवर त्ये लिवा."

तेवढ्यात मालकाच्या मुलाची माणसं आली. ओठ फुटला, सदरा फाटला. पायऱ्यांवरून ढकलत दरवाजाबाहेर काढलं. त्यांच्यातल्या एकाच्या दंडाला मी कडकडून चावलो. खिळखिळे दोन दात होते, त्यातला एक तिथंच राहिला.

किल्ला उतरताना मी गिरजाला सांगितलं. दर रविवारी यायचं. किल्ला बघायला येईल त्याला घाणीपाशी उभं करायचं आणि सांगायचं, कुणी जुंपलं, कुणाला जुंपलं, नावानिशी. हाकललं तर पुढच्या रविवारी. मारलं तर त्याच्या पुढच्या. मरेपर्यंत.

ती चालता चालताच म्हणाली, "येऊ की. पर तुमी सांगू नका. तुमी लोकायला हसवता. मी सांगते, तुमी गप उभं राहा."