बाटलीतलं पाणी

चौबे कॉलनीत शोभेचे मासे विकणाऱ्या त्या दुकानदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. इतका वैताग आणायचा तो माणूस. मासा मागितला की म्हणायचा, "पहिले घरच्या टाकीतलं पाणी आणा." मग माझी बाटली उजेडात धरायचा, हुंगायचा आणि माझ्याकडे न बघता मान हलवायचा.

"गर्दी झाली, पाणी खराब होऊन राहिलं. मासे कमी करा."

चिडून मी माझ्या बारा सिक्लिड जातीच्या माशांपैकी दहा मासे लोकांना देऊन टाकले. आठवड्याभरात उरलेल्या दोघांतल्या मोठ्याने लहानाला टोचून टोचून मारलं. तणतणत दुकानात गेलो.

त्याने पाणी हुंगलं. "पाणी बढिया हाय. पण दोनच काहून ठेवले भैया? हे मासे भांडखोर. आठ-दहा असले की मार वाटल्या जाते. दोघंच असले की सारा एकालेच."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं?" मी ओरडलो.

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "घरी कोण कोण हाय?"

"मी अन् बाबा."

बाटली परत देत तो म्हणाला, "मंग रोज कोण ऐकून घेते?"

त्या सकाळीच, चहा थंड दिला म्हणून मी बाबांवर ओरडून निघालो होतो.