सुएझमध्ये अडकलेलं जहाज आणि आमचे साडू

आमच्या साडूंचा ज्याच्यावर संशय नाही असा कालवा पृथ्वीच्या पाठीवर अजून कुणी खोदलेला नाही. राहाता तालुक्यात त्यांचं शेत आहे, भंडारदऱ्याचं पाणी आणणाऱ्या चारीच्या अगदी शेवटाला. तिकडच्या भाषेत टेलला. पाणी सुटलं की वरचे, म्हणजे हेडचे शेतकरी चारीत गोण्या आडव्या टाकून ते आपल्याकडे वळवतात आणि टेलला पोचतो नुसता ओलावा, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. त्यामुळे सगळ्या जगाची त्यांनी हेड आणि टेल अशी वाटणीच करून टाकली आहे. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याच्या हाताशी पहिल्या जागेवर बसतात. "शेवटाला जिलबी येती व्हय? पाक येतो नुसता!" आमच्या घरच्या पूजेला तर आरती चालू असतानाच ते प्रसादाच्या पातेल्याजवळ जाऊन उभे राहिले. बायको मला कुजबुजली, "तुमच्या साडूंना सांगा की काहीतरी." आता मला कुणाला काही सांगणं जमत असतं, तर त्यांच्या एकुलत्या एका मुलीसाठी स्थळ सुचवताना 'मुलगा मालवाहू जहाजावर असतो' हे वाक्य मी इतक्या हळू आवाजात उरकलं नसतं. 'कंपनी मोठी आहे' हे मात्र खणखणीत बोललो होतो.

तरी स्थळ जमलं, तारीख निघाली, मुलगा घरी यायला निघाला. आणि नेमकं त्याच आठवड्यात सुएझच्या कालव्यात एक अजस्र जहाज काठाच्या वाळूत रुतून आडवं झालं. दोन्ही बाजूंना जहाजांची रांग लागली. नवरदेवाचं जहाज त्याच रांगेत. कालवा वेळेत मोकळा झाला नाही तर मांडवात नवरी एकटीच उभी राहणार होती.

साडूंनी टीव्हीवर ते चित्र पाहिलं आणि तिथल्या तिथे निदान केलं. मी नागापूरच्या एमआयडीसीत, वर्कशॉपात; मशीनच्या घरघरीत मला त्यांचा फोन. "पाव्हणं, हे हेडवाल्यांचं काम हाय. मुद्दाम घातलंय आडवं."

"अहो, वाऱ्यानं फिरलं म्हणतात."

"वाऱ्यानं! आमच्या चारीत गोन्या बी वाऱ्यानंच येत्यात. तिथला पानी सोडनारा फितूर असनार, मी सांगतो."

तिकडे घरी मुलीने मोबाईलवर नकाशा काढून त्यांच्यापुढे धरला. "नाना, दोन्ही टोकांना समुद्र आहे. इथं हेड नाही आणि टेल पण नाही." साडूंनी नकाशा चष्मा काढून पाहिला, चष्मा घालून पाहिला. "कालवा म्हनल्यावर टेल असतोच," ते म्हणाले. "अन् जावई आपला हाय म्हंजी त्यो टेललाच असनार."

मग रोज सकाळी फोन. "स्थळ तुमी आनलंय, मार्ग बी तुमीच काढा. तुमच्या एमआयडीसीत क्रेन असत्यात की!" खरं सांगतो, मनाला टोचणी असलेला माणूस काहीही करतो. मी शेजारच्या क्रेनवाल्याकडे गेलो. "कुठाय माल?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "जरा लांब आहे." "वजन किती?" "विचारून सांगतो," म्हणून परत आलो. हे मी बायकोलाही आजवर सांगितलेलं नाही.

धुळवडीची सुट्टी होती म्हणून राहात्याला गेलो. साडू ओट्यावर बसले होते, आणि शेजारी त्यांना छळत होते. "काय नाना, जावयाला ट्रॅक्टर पाठवायचा का?" "नाना, नवरदेव येईना तर फोटोला हार घालू का?" साडू चवताळून उत्तर द्यायच्या बेतात होते, तेवढ्यात आतून मुलगी मोबाईल नाचवत धावत आली. "नाना, सुटलं! जहाज सुटलं!"

शेजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. मी इतका मोठा श्वास सोडला, जसं काही ते जहाज मीच ओढून काढलं होतं. साडू आता उठून हेडवाल्यांच्या नावाने आरोळी ठोकणार, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते जागचे हलले नव्हते. मोबाईलकडेही बघत नव्हते. बघत होते मुलीकडे.

"एवढ्यात?" ते म्हणाले.

टाळ्या वाजतच होत्या, कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं, आणि तिला गेलं. तिने ओढणी सावरली आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली. मी उगीच चपलेचा पट्टा नीट करू लागलो.

"लगेच नाही हं नाना," ती म्हणाली. "रांग आहे ना. त्यांच्या पुढं खूप जहाजं आहेत अजून."

"लई हायत का?"

"लई."

साडूंनी मान हलवली.

"मग चालंल," ते म्हणाले.