शांतवनला सोपवताना

करुणा साळवे गेल्याचा फोन मला तिच्या मुलानंच केला. सकाळची वेळ होती, मी गॅसवर दूध ठेवून उभी होते. फोनवर शांतवनचं नाव दिसलं. त्याचे हात हलत नाहीत. उशीजवळच्या फोनला तो तोंडानं सांगतो आणि फोन लागतो. "मावशी, मम्मी उठत नाय," तो म्हणाला. "मी लई हाका मारल्या... तुम्ही या." आवाज नेहमीसारखाच बारीक होता. त्याच्या छातीतली ताकदही आता गेली आहे, त्यामुळं त्याला मोठ्यानं रडता येत नाही, हे मला वाटेत चालताना लक्षात आलं.

गारखेड्यात आमची घरं एका गल्लीच्या अंतरावर आहेत आणि तिच्या दाराची एक किल्ली माझ्याकडं असायची. आत दोन खाटा एकमेकींना जवळजवळ लागून होत्या. एका खाटेवर शांतवन होता, मान आईकडं वळलेली. दुसरीवर करुणा, तोंड त्याच्याकडं. मध्ये हातभर अंतर. ते हातभर अंतर त्याला ओलांडता येत नव्हतं. मी तिच्या कपाळाला हात लावला, ते गार पडलं होतं. "मी प्रार्थना केली," तो म्हणाला. "जरा मोठ्यानं केली, तिला ऐकू जावी म्हणून. मग तुम्हाला फोन लावला." मी दोन्ही खाटांच्या मध्ये उभी राहिले आणि आधी कुणाकडं वळावं ते मला कळेना.

चितेगावच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका होतो. पैठणच्या बसनं रोज बरोबर जायचो, बरोबर यायचो. ती वयानं लहान, खुलताबादजवळच्या एका खेड्यातून आलेली. बोलणं तिकडचंच, मोजकं आणि सरळ. मी ब्राह्मणाघरची, ती ख्रिस्ती. बसमध्ये जागा मिळाली की ती डोळे मिटून क्षणभर ओठ हलवायची आणि मग डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवायची. तिचा नवरा सॅम्युएल तेव्हा होता, चांगली नोकरी होती, आणि शांतवन नुकता शाळेत जायला लागला होता. तो पळताना पडायचा. मुलं पडतातच, असं आम्ही सगळे म्हणायचो. मग तो जिना चढताना गुडघ्यावर हात टेकून चढायला लागला, आणि एक दिवस बसमध्ये करुणानं डबा उघडलाच नाही. चितेगावचा थांबा आला तेव्हा म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, याचं अंग हळूहळू जाणार. आधी पाय, मग हात, मग श्वास. औषध नाय म्हणाले, ताई." आणि उतरून वर्गात जाऊन तिनं हजेरी घेतली.

सुरुवातीची काही वर्षं तिला वाटत होतं की देव त्याला बरं करील. ती तसं उघड बोलायची. कुणाच्या तरी सांगण्यावरून ती आणि सॅम्युएल त्याला मैदानावरच्या एका मोठ्या प्रार्थनासभेला घेऊन गेले, तिथं आजारी माणसं बरी होतात म्हणे. बाहेरगावाहून आलेल्या प्रचारकानं शांतवनच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि त्याला म्हटलं, ऊठ, चाल. पोरगं उठायला गेलं. सगळ्या लोकांसमोर ते तोंडावर पडलं, ओठ फुटला. प्रचारक दुसऱ्या आजाऱ्याकडं वळला. बाहेर पडताना एक बाई करुणाला म्हणाली, तुमचा विश्वास कमी पडला. करुणानं रिक्षाला हात केला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला म्हणाली, "देव तमाशा करत नाय, ताई. काल तिथं तो नव्हताच. तो माझ्यासंग रिक्षात होता, पोराच्या ओठाला मी पदर लावून बसले होते तवा." त्यानंतर ती अशा सभेला कधी गेली नाही. छावणीतल्या आपल्या चर्चमध्ये मात्र दर रविवारी जायची. शांतवन चाकाच्या खुर्चीत आला तेव्हा खुर्ची ढकलत जायची, आणि खुर्चीतही बसवेना तेव्हा चर्चमधली माणसं तिच्या घरी येऊन गाणी म्हणायची.

सॅम्युएल गेला तो अचानक, कामावरच छातीत कळ येऊन. तोपर्यंत पोराला उचलायला दोघं होते. आता ती एकटी. तिनं नोकरी सोडली. शांतवनला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसा आणि रात्रीही. मी एकदा न राहवून विचारलं होतं, "करुणा, इतकं होऊनही तुझा देवावर विश्वास कसा गं टिकतो?" ती भाजी निवडत होती. हातातली जुडी तिनं संपवली. मग म्हणाली, "त्याचं सगळं मला पटतं असं नाय, ताई. कधीकधी लई भांडते मी त्याच्याशी. पण रोज याला उचलायचं असतं. पाठीत कळ येते, वाटतं आता नाय जमणार. मग त्याचं नाव घेते आणि उचलते. आजवर जमलं. एवढाच माझा विश्वास, यापरीस जास्त नाय." मला तेव्हा वाटलं होतं की ही बाई थकली आहे म्हणून असं बोलते. आज वाटतं की तिनं मला खरं तेच सांगितलं होतं.

डॉक्टरांनी शांतवनचं जेवढं आयुष्य सांगितलं होतं, त्याच्या पुढं तो आला. त्याच्या पाठीवर कधी साधा ओरखडा नव्हता. तिनं त्याला इतकं नीट सांभाळलं, की तो तिच्या मागं उरला.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. तिनं बरेच दिवस अंगावर काढलं. दवाखान्यात गेलो तोवर कॅन्सर यकृतात पसरला होता. डॉक्टर म्हणाले, भरती व्हा. ती म्हणाली, "आणि त्याला कोण वळवणार?" आणि आम्ही रिक्षा करून घरी आलो. वाटेत ती म्हणाली, "लोक मला सांगतात, अशा लेकराच्या आईनं देवाकडं एकच मागावं. आधी त्याला ने, मग मला. मी लई वेळा मागायला बसले, ताई. तोंडातून शब्दच निघत नाय. मी माझ्या पोराचं मरण कसं मागू?" मी तिचा हात धरून बसले.

मग तिनं जे केलं त्याला मी धैर्य म्हणते. दुसरा शब्द मला माहीत नाही. अंगात ताकद होती तोवर ती त्याच्यासाठी जागा शोधत हिंडली. मी त्याच्यापाशी बसायचे, वळवायला चर्चमधलं कुणी यायचं, ती जायची. एका संस्थेत मोठ्या माणसांना घेत नव्हते, दुसरीकडं अंथरुणाला खिळलेला नको होता. शेवटी नगरकडची एक संस्था हो म्हणाली. तिथं एकेका खोलीत बरीच माणसं होती आणि त्यांना बघायला दोन-तीनच मदतनीस. ती सगळं बघून आली आणि त्याच संध्याकाळी तिनं शांतवनला सांगितलं. मी तिथंच होते. ती त्याच्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "बाळा, मी जाणार हाय. लवकरच. तुला दुसरीकडं राहावं लागंल." तो म्हणाला, "माहीत आहे मम्मी. तू रात्री कण्हतेस ते मला ऐकू येतं." मग त्यानं विचारलं, "तिथं रात्री मला कोण वळवणार?"

मला वाटलं, ती म्हणेल, देव आहे ना. तिनं तसं म्हटलं नाही. "मला माहीत नाय," ती म्हणाली. "खोटं नाय सांगणार तुला. मी तुला देवाच्या हातात देते हाय. मला भीती वाटते, तरी देते हाय. दुसरं कुणी नाय माझ्याकडं." मग तिनं डोळे मिटले आणि त्यानंही मिटले. प्रार्थनेत तिनं काहीच मागितलं नाही. फक्त त्याचं नाव घेतलं, त्याला काय खायला आवडतं ते सांगितलं, डाव्या कुशीवर फार वेळ ठेवलं की त्याला दम लागतो ते सांगितलं, आणि आमेन म्हणाली.

तिला छावणीच्या कबरस्तानात ठेवलं. शांतवनला गाडीतून आणलं होतं, पण कबरींमधून त्याला आत नेता येईना. गाडी फाटकापाशीच थांबली. लांबून गाण्याचा आवाज येत होता, तो ओठ हलवत होता. माती द्यायची वेळ झाली तेव्हा चर्चचे पाळकसाहेब मूठभर माती घेऊन गाडीपर्यंत चालत आले आणि ती त्याच्या तळहातावर ठेवली. त्याला मूठ मिटता येत नव्हती. पाळकसाहेबांनी ती माती त्याच्या हातावरून पुन्हा आपल्या ओंजळीत घेतली आणि परत कबरीपाशी गेले.

त्याच आठवड्यात तो संस्थेत गेला. मागच्या रविवारी मी भेटून आले. पाठीला जखम झाली आहे. तिथली माणसं वाईट नाहीत. फक्त थोडी आहेत. आईनं केलेली प्रार्थना मी एका कागदावर उतरवून त्यांना दिली, डाव्या कुशीचं आणि जेवणाचं सगळं. त्यांनी ती खाटेच्या डोक्याशी चिकटवली आहे. मी म्हटलं, "शांतू, माझ्याकडं येतोस का? बघू आपण काहीतरी." आम्हा दोघांनाही माहीत होतं की साठी उलटलेल्या माझ्या हातांनी तो उचलला जाणार नाही. "नको मावशी," तो म्हणाला. "मम्मीनं मला देऊन टाकलंय. आता मला परत मागून घेता येत नाय." तो विश्वासानं बोलत होता की आशा सोडून, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. निघताना तो म्हणाला, मावशी, मला कुशीवर वळवा. मदतनीस येईपर्यंत मी एकटीनं प्रयत्न केला. जमलं नाही.

करुणाचं घर आता भाड्यानं द्यायचं ठरलं आहे. काल रंगारी येणार होता म्हणून किल्ली घेऊन गेले. खाटा हलवल्या होत्या, खोली एकदम मोठी वाटत होती. शांतवनची खाट जिथं होती, तिथं भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट, तेलकट डाग आहे, तळहाताएवढा. चुना तिथं झिजून गुळगुळीत झाला आहे. त्याच्या पाठीला तेल लावून त्याला वळवताना ती एक हात तिथं टेकत असे. आजवर खाटेवरच्या उशा-पांघरुणांआड तो कधी नीट दिसला नव्हता. रंगाऱ्यानं त्यावरून बोट फिरवून पाहिलं. "हे तेल भिंतीत मुरलंय, बाई," तो म्हणाला. "रंगाचे दोन हात मारले तरी वर येणार."

मी म्हटलं, येऊ दे.