एसिनामच्या आधी

केटा गावच्या कोर्टासमोर बदामाचं मोठं झाड आहे. त्याखाली अब्ला टाइपरायटर मांडून बसायची. जमिनीचा दावा असो, बदलीसाठीची विनवणी असो नाहीतर मयताच्या कार्यक्रमाचं निमंत्रण, खाडी आणि समुद्राच्या मधल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर ज्याला म्हणून कागदावर काही हवं असेल, तो अब्लाकडे यायचा. बाई कामाला चोख, जिभेला तिखट आणि मनाने, झाकून कशाला ठेवायचं, हेवेखोर. शेजारणीने नवं कापड नेसलं की हिला दिवसभर अन्न गोड लागायचं नाही. चुलत बहिणीला जुळं झालं तेव्हा सगळी गल्ली नाचली आणि ही म्हणाली, "एका वेळी दोन? एवढी कसली घाई होती हिला?"

पण हे सगळं किरकोळ. तिचा रोजचा, मुरलेला हेवा होता तो एसिनामचा.

एसिनाम तिच्याच शेजारी, त्याच झाडाखाली बसायची. वयाने लहान. तिला टायपिंग शिकवलं अब्लानेच, कोणतं बोट कुठे ठेवायचं इथपासून. एसिनामचा हात कधी अब्लाइतका चालला नाही, खाडाखोडही पुष्कळ. पण ही पोरगी हसायची. गिऱ्हाइकाच्या आईची चौकशी करायची, त्याच्या पोरांची नावं लक्षात ठेवायची. अब्लाकडे लोक अर्ज घेऊन यायचे आणि अर्ज होईपर्यंत जाऊन एसिनामच्या बाकावर बसायचे. अब्ला खाली मान घालून टाइप करायची आणि कान तिकडे. त्यात एसिनामचा जीव अब्लावर. रोज दुपारी घरून आणलेल्यातला अर्धा घास ती अब्लाच्या पुढ्यात ठेवायची. माणूस वाईट असेल तर त्याचा हेवा करायला सोपं जातं. एसिनामने ती सोयही ठेवली नव्हती.

एके दिवशी ती धावतच आली. "दावी! दावी, ऐकलंस का?" केटात थोरल्या बहिणीला दावी म्हणतात. "माझा भाऊ अमेरिकेहून कॉम्प्युटर पाठवतोय! कोर्टाच्या कँटीनमधून वायर घेऊन इथेच लाकडी खोपटं घालीन म्हणते. चूक झाली तर पुन्हा कागद घालायला नको, दावी, पडद्यावरच पुसायची!"

"छान," अब्ला म्हणाली. "पण खारी हवा आहे बाई इथली. गंजेल लवकर."

त्या आठवड्यात अब्लाच्या टाइपरायटरने इतके आवाज केले की कोर्टातल्या कारकुनाने खिडकी लावून घेतली. आणि शनिवारी ती लॉरी अड्ड्यामागे सेलोर्मच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

दुकान म्हणजे जहाजावरून उतरलेला एक जुना लोखंडी कंटेनर. आत परदेशातून वापरून आलेले कॉम्प्युटर छपरापर्यंत रचलेले.

"दावी, टाइपरायटर बिघडला का?" सेलोर्मने विचारलं.

"त्याला काय धाड भरलीय! मला कॉम्प्युटर पाहिजे."

"मग हा घ्या ना. जरा पुसला की नवा."

"आयता नको. आयता तर एसिनामलाही मिळतोय. मला जोडायचाय. माझ्या हाताने, एकेक तुकडा. आणि तिचा यायच्या आधी."

सेलोर्मने तिच्याकडे नीट पाहिलं. "दावी, स्क्रू-ड्रायव्हर कधी हातात धरलाय का?"

"टाइपरायटर खोलून तेल कोण घालतं मग? तुझा आजा?"

तो हसला आणि तयार झाला. त्याच्याकडून तिने एकच वचन घेतलं, की कुणाला कळता कामा नये. कॉम्प्युटर पूर्ण झाला की आपण एसिनामला घरी बोलवायचं, कापड ओढायचं आणि तिचं तोंड बघायचं, एवढं एकच चित्र अब्लाच्या डोळ्यांपुढे होतं. पुढे त्यावर ती काय टाइप करणार, किती गिऱ्हाईक येणार, याचा तिने विचारही केला नव्हता.

शिकणं मात्र तिने मन लावून केलं. आतल्या भागांना हात लावायच्या आधी लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. मोठ्या हिरव्या पाटीखाली, म्हणजे मदरबोर्डखाली, आधी पितळी खुंट्या बसवायच्या. पहिल्या खेपेला खुंट्या विसरून तिने पाटी थेट पत्र्यावरच आवळली, तेव्हा सेलोर्मने सगळं पुन्हा उतरवायला लावलं. प्रोसेसरवर पांढरं मलम मुगाच्या दाण्याएवढंच लावायचं. तिने भाकरीला तूप लावावं तसं थापलं, तेही पुसायला लागलं. पण बारीक तारा बारीक पिनांवर बसवायची वेळ आली तेव्हा तिची बोटं अशी चालली की सेलोर्म नुसता बघत राहिला.

विजेची पेटी बसवायच्या दिवशी त्याने तिला आधी एक जुनी पेटी दाखवली, आतून काळी ठिक्कर पडलेली.

"हे बघा, दावी. मागे हा लाल खटका आहे ना, त्यावर काय दिसतंय?"

"एकशे पंधरा."

"अमेरिकेतली वीज आपल्या निम्म्या जोराची. तिकडून आलेली पेटी एकशे पंधरावरच असते. खटका सरकवून दोनशे तीस करायचा, मगच भिंतीत लावायचं. नाहीतर धडाम! पेटी जाते आणि सोबत आतलं सगळं घेऊन जाते."

अब्लाने केसातली पिन काढली आणि आपल्या पेटीचा खटका सरकवला. टक् झालं. तिला फार बरं वाटलं.

जोडलेलं सगळं अब्लाने गुपचूप घरी नेऊन पलंगाखाली ठेवलं. आता फक्त मेमरीची पट्टी यायची राहिली होती. ती राजधानीतून, अक्राहून, येणार होती. आणि त्याआधीच एसिनामचा खोका आला.

झाडाशेजारी निळं खोपटं उभं राहिलं होतं. प्रार्थनेसाठी पाद्रीबुवा आले, कोर्टातले कारकून आले, मासळीवाल्या आल्या. टेबलावर पांढऱ्या जाळीच्या कापडाखाली कॉम्प्युटर. अब्ला मागे उभी होती, सगळ्यांच्या मागे. एसिनामने गर्दीतून वाट काढत येऊन तिचा हात धरला.

"दावी, तू पुढे ये. मला अक्षर तू शिकवलंस. हे तुझ्याच हाताने सुरू होणार."

"अगं, पाद्रीबुवा आहेत की."

"ते प्रार्थना करतील. बटण तू दाबायचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वायर भिंतीत खोचायला अब्ला टेबलामागे वाकली, आणि तिला लाल खटका दिसला. एकशे पंधरा.

ती सरळ उभी राहिली. पाद्रीबुवांची प्रार्थना सुरू झाली होती, आणि केटातली प्रार्थना काही लवकर संपत नाही. बोलायला भरपूर वेळ होता. नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी पुरे होतं. केसात पिन होती. सगळ्यांच्या माना खाली होत्या, कुणाला न कळता खटका सरकवता आला असता. अब्लाने एसिनामकडे पाहिलं. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, अंगात नवा झगा, आणि त्या झग्याचा कटसुद्धा अब्लाला आवडला होता. घरी पलंगाखाली आपला कॉम्प्युटर एका पट्टीसाठी अडून पडलाय आणि हिच्यासाठी आख्खं कोर्ट माना घालून उभं आहे, हे तिच्या घशाखाली उतरेना.

"प्रभो," पाद्रीबुवांचा आवाज चढला, "ज्यांना या लेकराचं भलं बघवत नाही, त्यांचे हात जागच्या जागी थांबव!"

"आमेन!" सगळ्यांत मोठ्याने अब्लाच म्हणाली.

हात काही थांबला नाही. तिने बटण दाबलं. फटाक्यासारखा आवाज झाला, टेबलामागून निळसर धूर निघाला, आणि मासळीवाल्या किंचाळत बाहेर पळाल्या.

एसिनाम रडली ती अब्लाच्याच खांद्यावर डोकं ठेवून.

केटाने दोन निवाडे दिले. पुरुष म्हणाले, विजेचा दोष, ती कधी सरळ येते? बायकांनी आवाज खाली आणून म्हटलं, बटण कुणी दाबलं ते बघा. अमेरिकेतून भाऊ फोनवर म्हणाला, मी येईपर्यंत खोका कुणाला उघडू देऊ नकोस. एसिनामने तो कापडात बांधून ठेवला, खोपट्याला कुलूप लावलं आणि पुन्हा झाडाखाली अब्लाशेजारी येऊन बसली. तिच्या देखत कुणी नजर लागल्याचा विषय काढला की ती हसणारी पोरगी एकदम वसकन अंगावर जायची. "दावीबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही. आख्ख्या केटात माझं चांगलं बघून खूश होणारं तेवढं एकच माणूस आहे!"

अब्ला टाइप करत राहायची. चुका व्हायला लागल्या होत्या.

मेमरीची पट्टी आली. अब्लाने ती खाचेत दाबली, दोन्ही बाजूंचे चिमटे आपोआप मिटले. तिने बटण दाबलं. पंखा फिरला, 'पीं' असा लहानसा आवाज आला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. तिने स्वतः जोडलेलं यंत्र जिवंत झालं होतं. अब्लाने दोन्ही हात तोंडावर दाबले, अंगणात गेली, परत आली, पुन्हा पाहिलं. इतका आनंद तिला आता हयात नसलेल्या नवऱ्याने मागणी घातली तेव्हाही झाला नव्हता. मग ती दाराकडे वळली, एसिनामला हाक मारायला, आणि उंबऱ्यातच थबकली.

एसिनाम विचारणार, कधी शिकलीस? कुणाकडे? म्हणजे त्या दिवशी तुला...? ज्या एका माणसाला दाखवायला हा सगळा खटाटोप केला, त्याच माणसाला आता तो कधीच दिसता कामा नये. अब्लाने मयताला नेसायचं काळं-तांबडं कापड काढलं आणि कॉम्प्युटरवर टाकलं. रोज कोर्टातून आली की ते उचलायची, एकटीच बसून टाइप करायची आणि पुन्हा झाकायची. आपलं नाव वेगवेगळ्या अक्षरांत लिहून झालं, पाठ असलेली भजनं लिहून झाली. बघायला कोणी नव्हतं.

नाताळ जवळ आला तेव्हा एका शनिवारी दुपारी एसिनाम तिच्या घरी आली. हातात भाजलेल्या केळ्यांची आणि शेंगदाण्यांची पुडी. अब्लाने पाणी दिलं. पाणी पिऊन होईपर्यंत काय काम काढलंस विचारायचं नसतं, म्हणून ती गप्प बसली. पण एसिनामच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं.

"दावी, भाऊ येतोय! आणि दुसरा कॉम्प्युटर आणतोय. त्याहून मोठा! सपाट पडद्याचा! म्हणतो, केटात असा कुणाकडे नसेल. आपल्या टाइप करणाऱ्यांत पहिला कॉम्प्युटर माझाच, दावी! बघ, देव एका हाताने नेतो आणि..."

"पहिला?" अब्ला म्हणाली.

"हो ना! पहिलाच!"

एवढे आठवडे अब्लाने तोंड शिवून ठेवलं होतं. मनाला बजावून ठेवलं होतं. पण 'पहिला' हा शब्द काही तिला पचला नाही. ती उठली आणि तिने कापड ओढलं.

"हा बघ पहिला!"

एसिनाम बघतच राहिली. मग तिने जी टाळी वाजवली, जी गिरकी घेतली! "दावी! अगं दावी! हा कुणी दिला तुला?"

"दिला? मला कोण देतंय? मी जोडलाय! या हातांनी!"

"खोटं!"

"हे बघ." अब्लाने बटण दाबून कॉम्प्युटर सुरू केला आणि बाजूचा पत्रा काढला. तिचे डोळे चमकत होते. जे बघायची तिने इतके दिवस वाट पाहिली होती ते समोर होतं. एसिनामचं तोंड उघडं पडलं होतं. "ही मेमरी. ही हार्ड डिस्क. याच्याखाली पितळी खुंट्या असतात, त्या विसरलीस की संपलं. आणि ही विजेची पेटी. भल्याभल्यांना कळत नाही, तिकडून आलेली पेटी असली की सगळ्यांत आधी मागचा लाल खटका बघायचा, तो एकशे पंधरावर असला तर सरकवायचा, नाहीतर बटण दाबलं की..."

ती थांबली. पण वाक्य पुढे कुठे जातंय ते खोलीतल्या दोघींनाही कळलं होतं.

एसिनाम खाली बसली. ती पेटीकडे पाहत होती.

"हे तू कधी शिकलीस, दावी?"

अब्लाने काढलेला पत्रा उचलून पुन्हा लावायला घेतला.

"माझा यायच्या आधी?"

आतला पंखा फिरत होता. अब्लाने हात लांब करून कॉम्प्युटर बंद केला.

"वायर तूच लावलीस," एसिनाम म्हणाली. "वाकून लावलीस. आणि मी लोकांशी भांडत होते."

"एसिनाम, ऐक..."

"छान जोडलायस," ती म्हणाली. तिला तसंच म्हणायचं होतं. हसत नसली तरी तिला दुसऱ्याचं चांगलं काम चांगलंच दिसायचं. ती उठली आणि दारापर्यंत गेली. मग परत आली, टेबलावरची केळ्यांची पुडी उचलली आणि निघून गेली.

अब्लाला सगळ्यांत जास्त लागलं ते पुडीचं.

नाताळानंतर एसिनामने खोपटं मोडून लॉरी अड्ड्यापाशी नेलं. तिने केटात कुणाला काही सांगितलं नाही, सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं अब्लाला अनेकदा वाटतं. अब्लाने कँटीनची ती वायर घेतली आणि आपला कॉम्प्युटर बदामाखाली मांडला. आता सगळं गिऱ्हाईक तिचंच आहे. लोक येतात, अर्ज सांगतात आणि होईपर्यंत उभे राहतात, कारण बसायला शेजारी बाक नाही. अड्ड्याकडून कुणी अर्ज टाइप करून आणला की अब्ला तो मागून घेते आणि वाचते. एसिनामच्या चुका आता खूप कमी झाल्या आहेत.