"कोण करशे?" विचारणारे काका

आम्ही हौशी मंडळी मिळून बनवत असलेल्या ओपन सोर्स मराठी कीबोर्डच्या ऑनलाइन यादीत कुणीही नवी कल्पना टाकली की रावपुऱ्यातले ते काका खाली गुजराती मिसळून लिहितात, "मस्त छे! पण कोण करशे?" म्हणजे, करणार कोण? कधी ओरडत नाहीत, म्हणूनच जास्त भीती वाटते! तीनदा विचारतात, कुणीच पुढे आलं नाही तर आभार मानून कल्पना बंद!

आत्याचे हात थरथरतात, म्हणून बोलून टाइप करायची सोय हवी, असं मी लिहिलेलं. त्यांनी दोनदा विचारलं. पण मला कोडिंग जेमतेमच येतं! काल तिसऱ्यांदा विचारलं. घाबरत घाबरत "मी" लिहिलं.

लगेच त्यांनी पुढच्या आवृत्तीच्या कामांत त्या सोयीपुढे माझं नाव टाकलं. खाली लेकराला सांगावं तसं लिहिलं, "दीकरा, आत्याला सांगून टाक."

आधी जमू तर दे, म्हणून मी अजून सांगितलेलं नाही.